शाळेच्या लॅपटॉपवर लिहिलेली यादी

मु. मेंढवाडी, पो. गोरेगाव
८ नोव्हेंबर २०२५

रागिणी बाळा,

आबाचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समजून हे वाच, आणि एकटी असशील तेव्हाच वाच. शंकरसिंगला बजावलं आहे की बाजाराला कळमनुरीला गेलास की पत्र पोरीच्याच हातात द्यायचं, शाळेच्या ऑफिसात नाही. त्यानं तसंच दिलं का? दुसऱ्या कुणाच्या हातून आलं असेल तर कळव.

फोनवर हे बोलता येत नाही. रविवारी तिकडे तुझ्या वसतिगृहाच्या मॅडम शेजारी उभ्या असतात, इकडे तुझे शिवहारकाका उभे असतात. म्हणून लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, चुकलंमाकलं समजून घे.

परवा गुरुवारी सकाळी दारात जीप थांबली. हिंगोलीहून दोन बाया, एक जमादार आणि आपला ग्रामसेवक. मला वाटलं मेंढरांच्या लसीचे लोक आले. मी म्हणालो, मेंढरं रानात गेली, दुपारून या. त्यातली मोठी बाई म्हणाली, "आजोबा, मेंढरांसाठी नाही आलो. सीमा कुठे आहे?"

तुझी सीमाताई चुलीपाशी होती. बाईनं तिला समोर बसवलं, जन्मतारीख विचारली आणि पिशवीतून एक कागद काढून वाचायला लागली. बाळा, ती आपलीच यादी होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी सांगितली आणि तू तुझ्या शाळेच्या लॅपटॉपवर लिहिलीस ती. आपल्यात लग्न ठरलं की कोण कुठून येणार, कुणाचा कोणता मान, कोणत्या दिवशी काय, हे लिहून पंचांसमोर वाचतात. माझा हात कापतो आणि सोयऱ्यांना प्रती द्यायच्या होत्या, म्हणून तू लिहिलीस. तीच. तेवीस नोव्हेंबर ही तारीख, कुरुंद्याच्या नवरदेवाचं नाव, सगळं तसंच. आणि मी शेवटी सांगितलेली ओळसुद्धा, 'घरच्यांसाठी सूचना: कुणी विचारलं तर मुलीला अठरा पूर्ण असं सांगावं.' ती ओळ बाईनं दोनदा वाचली. मी खाली बघत होतो.

तिच्या बापाकडून, शिवहारकडून लिहून घेतलं की अठरा होईपर्यंत लग्न करणार नाही. केलं तर गुन्हा. कुरुंद्याच्या पाहुण्यांनी त्याच दिवशी नकार कळवला.

आता सगळे तुझं नाव घेतात. झेरॉक्सवाल्याकडच्या पाचही प्रती घरातच आहेत, मी दोनदा बघितल्या. मग ही सहावी गेली कुठून? शिवहार म्हणतो, "लिव्हणारीनंच नेऊन दिली. शाळा शिकवून साप पाळला." तुझा बाप शिवप्रसाद गप्प आहे, पण काल म्हणाला की या महिन्यात तुला घरी आणतो आणि मेंढरांमागं लावतो. तो बोलला की करतो, तुला ठाऊक आहे.

म्हणून विचारतो. खरं सांग, तू कुणाला सांगितलंस का? सांगितलं असशील तरी मी मारणार नाही. पण मला ठाऊक असलं पाहिजे, नाहीतर मी तुझ्या बाजूनं काय बोलू?

थंडी पडायला लागली. स्वेटर घालतेस ना?

आबा

*

कळमनुरी
११ नोव्हेंबर २०२५

आबा,

तुमच्या आणि आजीच्या पाया पडते. पत्र माझ्याच हातात मिळालं. शंकरसिंगकाका चार वाजता परत निघणार आहेत, तोवर लिहिते.

मी कुणालाही सांगितलं नाही. मॅडमला नाही, मैत्रिणीला नाही, कुणालाच नाही.

आबा, ते लॅपटॉपनं केलं. शाळेनं दिलेल्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर असतं. आपण त्यावर जे लिहितो, जे बघतो, ते शाळेकडे जातं. काही शब्द ठरवून ठेवलेले असतात. ते आले की मॅडमच्या मोबाइलवर मेसेज येतो, कुठल्या मुलीनं काय लिहिलं ते. आपल्या वाडीत नेट नाही, म्हणून सुट्टीत काही गेलं नाही. तीन तारखेला मी परत आले, लॅपटॉप इथल्या वायफायला लागला आणि यादी गेली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं तेव्हा कागद त्यांच्या टेबलावर होता. मी काही बोलले नाही. त्यांनी हिंगोलीला कळवलं.

बाबांना हे समजावून सांगा. मार्चमध्ये नववीची परीक्षा आहे. आता घरी नेलं तर पुन्हा पाठवणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

सीमाताई कशी आहे? ती काही म्हणाली का?

स्वेटर घालते.

रागिणी

*

मेंढवाडी
१६ नोव्हेंबर २०२५

रागिणी बाळा,

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि त्या दिवशी भाकर गेली नाही. ते यंत्र पंधरा दिवस आपल्या घरात होतं. तुझी आजी त्याच खोलीत लुगडं बदलते. ते ऐकतं सुद्धा का? आम्ही त्याच्यासमोर काय काय बोललो ते मी आठवत बसलो. शिवहार बांधाच्या भांडणावरून शेजाऱ्याला शिव्या देत होता, ते गेलं असेल का? तुझी आजी म्हणाली, "गेलं असंल तर बरंच हाय, कुणीतरी ऐकाया पायजे व्हतं." तिला काय, ती हसते.

गुरुवारी मी तुझ्या शाळेत आलो होतो. तू मला ऑफिसात पाच मिनिटं दिसलीस. दोन मॅडम बसल्या होत्या, म्हणून मी फक्त जेवलीस का एवढंच विचारलं. तू इतकी वाळलीस कशानं?

तुझ्या हेडसरांशी जे झालं ते लिहितो. मी म्हणालो, "साहेब, आमच्या घरात बसून पोरीनं लिव्हलेलं तुमी वाचलं कसं?"

ते म्हणाले, "बाबा, लॅपटॉप शाळेचा आहे."

"लॅपटॉप तुमचा, पण घर तं आमचं हाय."

माणूस वाईट नाही, मला चहा पाजला. मग कपाटातून फाईल काढली आणि चार इंग्रजी पानं पुढं ठेवली. म्हणाले, "ही सही कुणाची?"

सही माझी होती. जूनमध्ये लॅपटॉप घ्यायला तुझ्याबरोबर मीच आलो होतो. बाकीचे अंगठे उठवत होते आणि मी ऐटीत सही केली होती, आठवतं का तुला? मी विचारलं, "यात काय लिव्हलंय?" तर म्हणाले, लॅपटॉपवर शाळेची देखरेख राहील, पालकांना मंजूर आहे. मी म्हणालो, "मंग तवाच काहून न्हाई सांगितलं?" ते म्हणाले, "कुणी विचारलंच नाही, बाबा."

कॅमेऱ्याचंही विचारलं. म्हणाले, शाळा तो उघडत नाही. म्हणजे उघडता येतो. येताना जीपमध्ये मला तेच तेच आठवत होतं.

आता मुख्य गोष्ट. काल खंडोबाच्या देवळात पंच बसले. संतराम नाईक, आणखी चौघं, तुझे काका, तुझा बाप. संतरामनं मला विचारलं, "ज्ञानबा, तुझ्या नातीनं सोयरीक मोडली का न्हाई?" मी लॅपटॉपचं सांगितलं. शिवहार हसला. म्हणाला, "यंत्र चुगली करतं म्हणं. उद्या मेंढी बी करंल." बाकीचेही हसले. माझं कुणी खरं धरेना. शिवप्रसाद म्हणाला, सोमवारी आणतो पोरीला.

तेव्हा मी उठलो आणि देवापुढचा बेल-भंडारा उचलला. मोठ्यानं म्हणालो, "लॅपटॉप वाचला जातो हे माझ्या नातीला ठाऊक नव्हतं. तिनं जाणून काही केलं न्हाई. हे खोटं असंल तर देवानं माझं बघून घ्यावं."

आपल्यात बेल-भंडारा उचलल्यावर पुढं कुणी बोलत नाही. संतरामनं हात जोडले. तुझा बाप म्हणाला, "राहू द्या मंग तिला तिथंच."

आता तुझी शाळा कुणी बंद करत नाही. निवांत अभ्यास कर. फक्त त्या लॅपटॉपवर घरचं काही लिहू नकोस. आणि रात्री तो बंद करून वर कापड टाकत जा.

आबा

*

कळमनुरी
१८ नोव्हेंबर २०२५

आबा,

पत्र मिळालं. तुम्ही माझ्यासाठी इतक्या लांब आलात आणि मला दोन शब्द बोलता आले नाहीत.

बेल-भंडारा कशाला उचलला? नुसतं सांगून भागलं नसतं का? शपथ खोटी ठरली तर काय होतं? म्हणजे माणसाला माहीत नसताना त्याच्याकडून खोटी शपथ घेतली गेली, तरी लागते का?

तुम्ही जास्त काळजी करू नका. गोळ्या वेळेवर घ्या. सीमाताईनं काय म्हटलं ते तुम्ही लिहिलंच नाही.

आज जास्त लिहीत नाही, विज्ञानाचा तास आहे.

रागिणी

*

मेंढवाडी
२३ नोव्हेंबर २०२५

रागिणी बाळा,

आज लग्नाचा दिवस होता. मांडवाच्या मेढींसाठी तोडून ठेवलेली लाकडं परड्यात पडून आहेत. शिवहार सकाळी उठून रानात गेला, न जेवता. तुझी काकू दळत बसली, पीठ भरपूर असताना.

सीमाचं विचारलंस. ती बोलत नाही, म्हणून मी लिहिलं नव्हतं. जेवते, काम करते, मेंढरांना पाणी दाखवते, पण काही विचारलं तर हो की नाही एवढंच. मला वाटतं लग्न मोडल्याचं तिला लागलं. पोरीच्या जातीला असं काही झालं की गावात तोंड दाखवणं अवघड जातं. मी तिला म्हणालो, "होईल बाई, दोन वर्षांनी होईल, चांगलं स्थळ आणू." ती उठून गेली.

शपथेचं तुला भ्या वाटतं हे वाचून मला भरून आलं. माझ्या जिवाची तुला काळजी. पण घाबरू नकोस. मी लहान असताना आपल्या वाडीत खेमा नावाचा एक होता. दुसऱ्याचा एडका आपल्या कळपात घातला आणि भंडारा उचलून म्हणाला, माझाच आहे. त्या पावसाळ्यात त्याची साठ मेंढरं फऱ्या रोगानं मेली, आणि मग पोरगाही गेला. माहीत नसताना घेतली तरी शपथ लागते असं माझा बाप म्हणायचा, कारण देवाला साक्ष ठेवायच्या आधी माणसानं सगळी चौकशी करायला पाहिजे. पण ते खोट्याचं. आपलं खरं आहे. तू स्वतःच लिहिलंस, मी कुणाला सांगितलं नाही म्हणून. मग मी कशाला भ्यायचं?

बुधवारी चंपाषष्ठी आहे. तळी उचलायचा पहिला मान आपल्या घराचा, म्हणजे माझा. बापाच्या माघारी एकतीस वर्षं झाली. यंदा तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बेल-भंडारा उचललेला माणूस म्हणून उचलीन.

एक विचारायचं राहिलं. ते लॅपटॉप सगळंच वाचतं म्हणतेस, तर तू आपलं स्वतःचं काही त्यात लिहिलं नव्हतंस ना?

आबा

*

कळमनुरी
२५ नोव्हेंबर २०२५

आबा,

हे पत्र कुणालाही वाचून दाखवू नका. चष्मा सापडला नाही तरी बाबांना वाचायला सांगू नका. उद्या चंपाषष्ठी आहे, म्हणून आजच लिहायला हवं.

तुमची शपथ खोटी आहे. मला माहीत होतं.

तुम्ही विचारलंत, स्वतःचं काही लिहिलं होतं का. लिहिलं होतं. लॅपटॉप मिळाल्यापासून मी त्यात रोज थोडं लिहीत होते. घरचं, माझं, मनात येईल ते. कुणासाठी नाही, आपलं आपल्यापुरतं. ऑगस्टमध्ये एक दिवस लिहिलं की कधी कधी वाटतं सकाळी जाग येऊच नये. तेव्हा आई आणि बाबांचं खूप चाललं होतं, आई माहेरी गेली होती, आणि इथे मला कुणी नव्हतं. मी काही करणार नव्हते, आबा. फक्त लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मॅडमच्या हातात ते सगळं छापलेलं होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. क्लार्क तिथे होता, शिपाई चहा घेऊन आला होता, तोही थांबून ऐकत होता. मग मला विचारलं, "असं का लिहिलंस?" त्यांनी माझ्या पेटीतल्या ओढण्या काढून नेल्या आणि दोन मुलींना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मी संडासला गेले तरी त्या बाहेर उभ्या राहायच्या. महिनाभर. सगळ्या वसतिगृहाला कळलं. मॅडम काळजीनंच करत असतील, पण त्या दिवसानंतर त्या माझ्याशी एकदाही नुसत्या बोलल्या नाहीत. लॅपटॉप काय म्हणतो तेवढंच बघतात.

तेव्हापासून मला माहीत आहे, तो वाचतो.

दिवाळीत सीमाताई आणि मी विहिरीवर धुणं धूत होतो. ती म्हणाली, "मला अकरावीला जायचं होतं. तू शिकलेली हाईस, कायतरी कर." मी म्हणाले, मी काय करू? बाबांशी, काकांशी बोलायची माझी छाती नाही. तुमच्याशी बोलायला हवं होतं. पण तुम्हीच यादी सांगायला बसला होता. तुम्ही म्हणालात, वही आण. मी म्हणाले, लॅपटॉपवर लिहिते, प्रती काढता येतील. ते मी मुद्दाम म्हणाले. शेवटची वयाची ओळ तुम्ही सांगितलीत तेव्हा मी थांबले होते. तुम्ही म्हणालात, "लिही, लिही, न्हाईतर ऐनवेळी कुणीतरी खरं बोलंल." मी लिहिली.

मी कुणाला सांगितलं नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं. तेवढं बोलून सुटता येईल असं वाटलं होतं. तुम्ही देवापुढे उभे राहाल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

उद्या तळी उचलू नका. पंचांना खरं सांगा. मला घरी आणलं तरी चालेल.

रागिणी

*

मेंढरांच्या बसक्यावरून, मेंढवाडी
३० नोव्हेंबर २०२५

रागिणी बाळा,

तुझं पत्र मंगळवारी संध्याकाळी मिळालं. मी ते गोठ्यात नेऊन एकट्यानं वाचलं. मला वेळ लागला. तुझा बाप दोनदा विचारून गेला, काय लिहिलंय पोरीनं, मी म्हणालो, अभ्यासाचं आहे.

आधी बुधवारचं सांगतो, नाहीतर तुझा जीव टांगलेला राहील. तुझी शाळा बंद होत नाही.

देवळात सगळी वाडी जमली होती. ताम्हनात खोबरं, भंडारा, विड्याची पानं मांडली. संतरामनं मला हाक मारली, "ज्ञानबा, ये, लाव हात." मी पुढं गेलो आणि हात मागं घेतला. म्हणालो, "मला तळी उचलता येत न्हाई. माझी शपथ खोटी निघाली."

कुणीतरी मागून म्हणालं, म्हाताऱ्याला भोवळ आली काय. संतराम म्हणाला, "म्हंजे पोरीनंच केलं म्हण की."

मी म्हणालो, "यादी कुणी सांगितली? म्या. पोरीला अठरा म्हणा, हे कुणी लिव्हायला लावलं? म्या. घरातल्या घरात ठेवायची गोष्ट म्या कागदावर आणली, प्रती काढायच्या म्हणून यंत्रात घालू दिली. गेली ती माझ्या तोंडातून गेली. दोष कुणाला द्यायचा तं मला द्या."

"मंग शपथेत खोटं काय व्हतं?"

"ते माझं आन् देवाचं हाय. ते मी सांगणार न्हाई."

शिवहार पुढं आला. म्हणाला, "बा, पोरीला पाठीशी घालून राहिलास." मी म्हणालो, "तुला बेल-भंडारा उचलून सांगू का?" तर मागं सरला. मला ते बोलायला नको होतं, पण बोललो. संतरामनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं असावं. म्हातारा माणूस आहे, त्याच्याही नाती शाळेत जातात. त्यानं पंचांना विचारलं आणि सांगितलं, ज्ञानबानं पाच वर्षं तळीला हात लावू नये, दोष त्यानं स्वतःवर घेतला आहे, पोरीचं नाव आता कुणी काढू नये. मग तळी संतरामच्या मुलानं उचलली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकलं. पाच वर्षांनी मी असेन की नाही, कुणाला ठाऊक.

तुझ्या बापानं मला वाटेत गाठलं. म्हणाला, परीक्षा होऊ द्या, पुढचं पुढं बघू. दहावीचं मी जूनमध्ये पुन्हा बोलीन. शिवहार माझ्याशी बोलत नाही, एका ताटाला बसत नाही. म्हणून मी मेंढरांपाशी राहायला आलो आहे, भाकर तुझी आजी पाठवते. तिला मी काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, फक्त परवा भाकरीबरोबर गुळाचा खडा जास्त होता.

देवाची भीती वाटते. खोटं बोलणार नाही. रोज सकाळी उठून आधी मेंढरं मोजतो. काल एक कोकरू लंगडत होतं तर तसाच धावलो, बघितलं तर खुरात काटा होता.

भाकर घेऊन सीमा येते. काल मी तिला विचारलं, "तुला करायचं व्हतं का गं लगीन?"

ती म्हणाली, "आता इचारता व्हय, आबा?"

मी म्हणालो, "तवा इचारायला पायजे व्हतं."

ती म्हणाली, "तवा तुमी यादी सांगत व्हता." आणि भांडी उचलून निघाली. पण थोडं पुढं जाऊन थांबली आणि विचारलं, अकरावीचे फॉर्म कधी निघतात ते रागिणीला लिहून विचाराल का. तर ते कळव.

मी तिच्या मनातलं काय समजून बसलो होतो बघ. तिला लग्न मोडल्याचं लागलं, असं तुला लिहून मोकळा झालो.

तू जे केलंस त्याबद्दल मी रागावलो का, असं तुला वाटत असेल. पहिल्या दिवशी रागावलो. माझ्या तोंडून देवापुढं खोटं वदवलंस म्हणून. पण तुझी पोरबुद्धी, तुझ्यापुढं मी बसलो होतो, तुझे काका, तुझा बाप. आमच्यापैकी एकाशीही तुला बोलता आलं नाही आणि त्या यंत्राशी बोलता आलं. यात तुझा दोष मला सापडत नाही. सीमाचं लग्न थांबलं, ते चांगलं झालं, हे आता मला कबूल करावं लागतं. तरीही शाळेनं आपल्या घरातलं वाचलं हे मला पटत नाही, कितीही समजावून घेतलं तरी. दोन्ही एकाच डोक्यात ठेवायचं म्हणजे माझ्यासारख्याला जड जातं.

पण हे सगळं एका बाजूला. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी रोज काढून वाचतो. सकाळी जाग येऊच नये असं माझ्या नातीला वाटलं. ते शाळेच्या क्लार्कला कळलं, चहा आणणाऱ्या शिपायाला कळलं, सगळ्या वसतिगृहाला कळलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. दिवाळीत तू पंधरा दिवस माझ्यासमोर बसून जेवलीस, माझी यादी लिहिलीस, आणि मला कळलं नाही. मी तुला स्वेटरचं विचारत होतो.

आता वाटतं का तसं? वाटत असेल तर लिही. कागदावर लिही, शंकरसिंगच्या हाती दे. मी हळू वाचतो, पण पूर्ण वाचतो. कुणाला वाचून दाखवणार नाही. तुला 'असं का लिहिलंस' म्हणणार नाही. उठून येईन, एवढंच.

तसा येत्या रविवारी येतोच आहे. मेंढरं सीमा बघते म्हणाली. मॅडम शेजारी बसल्या तर बसू देत. तुला काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मीही काही विचारणार नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत आपण दोघं नुसते बसू.

आबा